जुन्या रॉक बँडमधली भाऊबंदकी

विशीत असताना एकत्र येऊन गिटार-ड्रम बडवायला लागलेली पोरं साठी-सत्तरी ओलांडली तरी एकाच नावाखाली वाजवत राहतात, तेव्हा त्यांच्यात जे काही नातं तयार होतं त्याची ही नोंद. लोक त्याला मैत्री म्हणतात, पण मला विचाराल तर ही सरळ सरळ भाऊबंदकीय. आपल्याकडं मराठवाड्यात दोन भाऊ बांधावरून दहा-दहा वर्षं बोलत नसतात, पण सातबाऱ्यावर नावं दोघांची, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, अन् पुतणीच्या लग्नात मांडवात दोघंही फेटे बांधून हजर. बँडचं नाव म्हणजे तो सातबारा, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

सगळ्यात लांबलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा रोलिंग स्टोन्स हा बँड. गाणारा मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघंही 1943 चे, दोघंही डार्टफर्ड गावचे, लहानपणी एकाच शाळेत होते, मग 1961 मध्ये गावच्या रेल्वे स्टेशनवर परत भेटले तेव्हा मिकच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्ड होत्या आणि तिथून गाडी सुरू झाली. 1962 ला बँड उभा राहिला, पुढच्या वर्षी ड्रमवर चार्ली वॉट्स आला. विशीत भांडणं पोरींवरून आणि नशेवरून, पण खरी कडू भांडणं चाळिशीत लागली, कारण तोपर्यंत कोण मालक हा प्रश्न पुढं येतो. 1985 ला मिकनं स्वतःचा वेगळा अल्बम काढला, पुढच्या वर्षी बँडच्या अल्बमसाठी दौरा करायला नाही म्हणाला, कीथ इतका भडकला की दोघं पेपरांतून एकमेकांना बोलायलेत असा प्रकार. 1989 मध्ये बार्बाडोसला बसून परत जुळवून घेतलं. 2010 ला कीथनं आत्मचरित्रात मिकची पार अब्रू काढली, नंतर माफीही मागितली. त्याच पुस्तकात चार्लीचा किस्साय, 1984 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉटेलात पहाटे मिकनं फोन करून माझा ड्रमर कुठंय असं विचारलं, तर चार्ली दाढी करून, सूट घालून खाली आला आणि त्याला एक ठेवून दिली. माझा ड्रमर म्हणायचं नाही! सालदार म्हणून बोलावलं की कुणालाही लागतंच की.

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा पैशातय, आणि पैसा असतो गाणं लिहिणाऱ्याच्या नावावर. स्टोन्सची बहुतेक गाणी जॅगर-रिचर्ड्स या जोडनावानं, म्हणून बाकीच्यांचा वाटा कमी. क्वीन या बँडमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, रेकॉर्ड एकच असल्यामुळं मागच्या बाजूलाही पुढच्याइतकीच रॉयल्टी मिळाली आणि त्यावरून किती दिवस कुरबुर चालली. शेवटी 1989 च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी क्वीन या नावावरच टाकायला सुरुवात केली. आर.ई.एम. या अमेरिकन बँडनं हे पहिल्यापासूनच केलं, सगळी गाणी चौघांच्या नावावर, आणि 2011 ला ते कोर्टकचेरी न करता शांतपणे थांबले. म्हणजे वाटणी आधी करून ठेवली की चूल फुटली तरी भांडी फुटत नाहीत.

पिंक फ्लॉइड या बँडनं उलटं केलं. त्यांच्यातला गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स बाहेर पडला आणि 1986 मध्ये नावावरूनच कोर्टात गेला, 1987 च्या डिसेंबरात तडजोड झाली, नाव गिटारवाल्या डेव्हिड गिलमोरकडं राहिलं, त्यांच्या ‘द वॉल’ या अल्बमचा शो वॉटर्सला. 2005 च्या 2 जुलैला लंडनच्या हाइड पार्कात चौघं 24 वर्षांनी एकत्र वाजले, लोक रडायलेत, वाटलं आता झालं सगळं सुरळीत, पण 2008 ला चौघांतला कीबोर्डवाला रिक राइट वारला आणि विषय संपला. अमेरिकेतला ईगल्स बँड 1980 ला फुटला, 1994 ला परत आला, 2001 ला त्यांच्यातल्याच गिटारवाल्या डॉन फेल्डरला काढलं म्हणून परत कोर्ट.

साठीनंतर मात्र भांडणाचा जोर उतरतो. शहाणपण येतं म्हणून नव्हे हो, शरीर मधे येतं म्हणून. आवाज वरच्या पट्टीत पोचत नाही म्हणून गाणं उतरवून घ्यावं लागतं, आपल्या भजनातले बुवा काळी पाचवरून काळी दोनवर येतात तसंच. कीथच्या बोटांना संधिवात, त्यानं वाजवायची पद्धतच बदलली. 2019 ला मिकच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले आणि जूनमध्ये गडी परत स्टेजवर पळायला लागला. एसी/डीसी या बँडचा गायक ब्रायन जॉन्सन कान जातील म्हणून 2016 मध्ये थांबला होता. त्याच बँडमधला माल्कम यंग स्मृतिभ्रंशामुळं 2014 ला बाजूला झाला तर त्याच्या जागी आला त्याचाच पुतण्या, आणि काका अँगसच्या शेजारी उभा राहून गुमान वाजवायला लागला. (आपल्याकडं काका-पुतण्या म्हटलं की वेगळंच काही आठवतं, असो.) ईगल्समध्येही ग्लेन फ्राय 2016 ला गेल्यावर पुढच्या वर्षी त्याचा मुलगा डीकन आला. स्टोन्सच्या 2024 च्या अमेरिका दौऱ्याला तर तिथल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या संस्थेनं पैसे लावले होते, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघानं ऑर्केस्ट्रा आणावा अन् स्टेजवरचेच सगळ्यात म्हातारे.

असे बँड बघायचे तर इथून देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबईच गाठावी लागते, स्टोन्स 2003 ला तिथल्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजले होते. पण प्रकार अनोळखी नाही. लग्नसराईतली बँडपार्टी बघा, मास्तरचा वाटा मोठा, सनईसारखं क्लॅरिनेट फुंकणाऱ्याचे दात पडलेले, ढोलवाला इसारावरून रुसलेला, तरी वरात निघाली की सगळे एका ठेक्यावर. भजनी मंडळात तर पखवाजवाला आणि पेटीवाला वर्षभर एकमेकाच्या दारात जात नाहीत, पण नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात शेजारी शेजारी. त्यातही सप्ताहातला वीणा मला फार आवडतो, तो सात दिवस खाली ठेवायचाच नाही, एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात, दोघं एकमेकाच्या पाया पडतात, मग मागच्या साली दोघांत काय झालं होतं ते कुणी विचारत नाही.

चार्ली वॉट्सनं तेच केलं. 2021 ला तब्येतीमुळं दौऱ्यावर जाता येईना तर त्यानंच आपला दोस्त स्टीव्ह जॉर्डनला माझ्या जागी बस म्हणून सांगितलं, आणि 24 ऑगस्टला वयाच्या 80 व्या वर्षी तो गेला. महिनाभरानं सेंट लुइसला दौरा सुरू झाला तेव्हा आधी स्टेज रिकामंच होतं, नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर चार्लीचे फोटो, म्हातारे त्यानंतर आले.