समुद्र नसलेल्या मुलखात पाणबुड्यांचं घड्याळ

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. तरी रब्बीच्या दिवसांत रात्री ओलिताला गेलेल्या माणसांच्या हाताकडे बॅटरीच्या उजेडात बघा. एखाद्या मनगटावर जाडजूड, काळ्या तबकडीचं, काचेभोवती फिरणाऱ्या कडीचं घड्याळ दिसतंच. कुणाला फौजेतून सुटीवर आलेल्या भावाने दिलेलं असतं, कुणी नागपूरला सीताबर्डीत घेतलेलं असतं. तबकडीवर छापलेलं असतं, २०० मीटर. म्हणजे साडेसहाशे फूट. आपल्याकडे तेवढ्या खोलवर पाणी गाठायचं तर बोअरची गाडी बोलवावी लागते.

पाण्याखाली खोल उतरणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनलेलं हे घड्याळ इथे शोभेचं वाटतं खरं, पण त्याच्यावरची एकेक गोष्ट कुणाच्या तरी जिवाच्या भीतीपोटी आलेली आहे.

पाणी आत न शिरणारी केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ नावाने आणली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते घड्याळ घेऊन इंग्लिश खाडीत उतरली आणि त्याची मोठी जाहिरात झाली. लष्कराचा हात मात्र लागला तो इटलीत. तिथल्या नौदलाला फ्लॉरेन्सच्या पानेराईने १९३६ मध्ये नमुन्याची घड्याळं दिली. ४७ मिलिमीटरची अवाढव्य डबी आणि रेडियमने रात्रंदिवस चमकणारे आकडे. या नौदलाचे पाणबुडे टॉर्पेडोवर घोड्यासारखे बसून जायचे. डिसेंबर १९४१ मध्ये अशा सहा जणांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. काळोख्या पाण्यात वेळ दिसणं हाच त्या घड्याळाचा सगळा उपयोग होता. फिरती कडी त्याला नव्हती.

ती आली हवेच्या नळकांड्यामुळे. १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं आणि माणूस पाठीवर दाबाखालची हवा घेऊन मोकळा पोहू लागला. पण नळकांड्यातली हवा मोजकी. शिवाय खोलवर जास्त वेळ राहिलं की रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, कधी मरतोही. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटांची मर्यादा होती. तेवढ्यात वर निघालं तर नायट्रोजन निघून जायला मध्ये थांबावं लागत नसे. पाण्याखाली किती वाजले याला किंमत नव्हती, उतरून किती मिनिटं झाली हे कळायला हवं होतं.

पाण्याखालून लढणाऱ्या फ्रेंच जवानांची तुकडी १९५२ मध्ये उभी राहत होती. तिचे बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो यांनी बाजारातली घड्याळं वापरून पाहिली आणि टाकून दिली. मालूबिए महायुद्धात ब्रिटिशांचा हेर म्हणून फ्रान्समध्ये उतरलेला माणूस, त्याला शोभेच्या वस्तूंचं कौतुक असण्याचं कारण नव्हतं. काळी तबकडी, मोठे आकडे, अंधारात ठळक दिसणाऱ्या खुणा आणि बाहेरून फिरणारी कडी, असं मागणं त्यांनी कागदावर मांडलं. ब्लांपां या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः पाण्यात उतरणारे. एकदा खालीच हवा संपण्याचा अनुभव घेतलेले. त्यांनी १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ काढलं. फॅदम म्हणजे सहा फूट, आपल्या जुन्या विहिरींच्या हिशेबात साधारण पुरुषभर खोली. पन्नास फॅदम म्हणजे ९१ मीटर. रोलेक्सचं ‘सबमरिनर’ही त्याच सुमाराचं, आणि जगभर नाव त्याचंच जास्त झालं. मला विचाराल तर मान फ्रेंच तुकडीच्या त्या कागदाला द्यायला हवा.

कडी वापरायची रीत सोपी. उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. नंतर काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर दिसेल तेवढी मिनिटं झाली. सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांत कडी दोन्ही बाजूंनी फिरायची. पुढे ती एकाच बाजूला, काट्यांच्या उलट फिरेल अशी केली. दगडाला घासून चुकून सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दाखवते आणि माणूस लवकर वर येतो. चूक झाली तरी ती जीव वाचवण्याच्या बाजूने व्हावी, हा हिशेब कडी फिरवताना येणाऱ्या त्या कटकट आवाजात आहे.

अमेरिकी नौदलासाठी बनलेल्या ‘फिफ्टी फॅदम्स’मध्ये सहाच्या आकड्याजवळ एक छोटी चकती असे. आत ओल गेली की तिचा रंग बदले. आपल्या पावसाळ्यात काचेखाली बाष्प धरलेली घड्याळं पाहिल्यावर ही चकती पुढे का टिकली नाही, याची हळहळ वाटते.

ब्रिटिशांनी पट्ट्याचा विचार केला. १९७० च्या दशकात त्यांनी नौदलासाठी घेतलेल्या रोलेक्सला पट्टा धरणारी, निघणारी पिनच नव्हती, दांडी केसला पक्की जोडलेली. त्यातून नायलॉनचा एकसंध पट्टा ओवायचा. त्या पट्ट्याचं सरकारी मानक १९७३ चं. साध्या घड्याळावरही हा पट्टा चढतो आणि एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ मनगटाला लटकून राहतं. वैशाखात घामाने चामड्याचा पट्टा कुजतो, मग वास मारतो. नायलॉनचा धुऊन बांधावर टाकला की बैलांना पाणी दाखवून येईपर्यंत वाळतो.

इथवरची घड्याळं फौजेने दिलेली किंवा मागवलेली. दुसरी जात आहे फौजींनी आपल्या पैशाने घेतलेल्यांची, आणि गावोगाव पोचली ती हीच. सीकोने जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ १९६५ मध्ये काढलं, १५० मीटरचं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी त्याच्या पुढच्या पिढीची घड्याळं पगारातून घेतली, कारण ती झेपत होती आणि चिखलात चालत होती. सोव्हिएत रशियात चिस्तोपोलच्या वोस्तोक कारखान्याने १९६७ मध्ये वेगळाच मार्ग धरला. त्यांच्या ‘अँफिबिया’त पाण्याचा दाब जितका वाढेल तितकी काच आणि मागचं झाकण आणखी घट्ट बसतं.

आपल्याकडे फौजी घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला कारखाना सुरू झाला आणि त्यांची ‘जवान’ व ‘पायलट’ ही चावीची घड्याळं पुढे फार लोकप्रिय झाली. एकेकाळी लग्नात जावयाला एचएमटी दिली की सोयरे खूश. पण पाण्यात बुडवायचं घड्याळ ते नव्हतंच. त्यामुळे कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रात किंवा पुलगावच्या दारूगोळा डेपोत नोकरी केलेला जुना माणूस ‘मिलिटरीचं घड्याळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चपटी पांढरी तबकडी असते, नातवाच्या डोळ्यांपुढे काळी.

नातवाचं घड्याळ शेतात नेमकं कामी येतं, हे मी स्वतःच्या हातावरून सांगतो. माझ्याकडे सीकोचं एसकेएक्स ००७ आहे, १९९६ मध्ये पहिल्यांदा निघालेलं, २०० मीटरचं, सेल न लागणारं. शेतीची थ्री-फेज लाइन रात्रपाळीला आली की एका दांडातून एक वाफा भरायला किती वेळ लागतो हे कडीवर धरता येतं. स्प्रिंकलरचे पाइप बदलायला दोन-तीन तास असतात, तिथे साठ मिनिटांची कडी अपुरी. मग त्रिकोण तासकाट्यासमोर लावायचा, पाच मिनिटांचं एक घर म्हणजे एक तास. तबकडीवरच्या खुणांवर आता रेडियम नाही, उजेड पिऊन चमकणारं निर्धोक द्रव्य आहे. जागलीला गेलं की पहाटे ते मंद होतं, पण वाचता येतं. मोबाइल काढला की डोळे दिपतात आणि मग हरभऱ्यात शिरलेलं रानडुक्कर दिसत नाही.

समुद्रात या घड्याळाचं काम खोली आणि वेळ स्वतः मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरने केव्हाच काढून घेतलं. मानक मात्र शाबूत आहे. आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘डायव्हर्स’ छापायचं तर किमान १०० मीटर, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची चाचणी आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणं बंधनकारक. आठवडी बाजारातल्या ‘वॉटर रेझिस्ट’ला यातलं काहीच लागू नाही, त्यांची कडी बहुतेक वेळा चिकटवलेली असते.

आणि अस्सल घड्याळालाही एकदा मागून उघडलं की आतलं रबरी रिंग नवं लागतं, वर दाबाची चाचणी लागते. तालुक्याच्या दुकानात ते यंत्र सहसा नसतं. तिथून परत आलेल्या घड्याळावरचे २०० मीटर फक्त छापलेले. विहिरीत उडी मारण्याआधी ते काढून काठावर ठेवलेलं बरं, आणि बाजूची, स्क्रूसारखी पिळून बसणारी चावी घट्ट केली का ते रोज बघावं.