शालेय आरोग्यसंवर्धन

शाळेत शिकणारी मुले आणि तेथे काम करणारे शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांचे आरोग्य राखण्यासाठी शाळेच्या वेळात व आवारात केले जाणारे संघटित काम. तपासणी व पाठपुरावा, इमारतीतील हवा-उजेड, पाणी व स्वच्छता, आहार, व्यायाम, आरोग्यशिक्षण, मानसिक आधार आणि कर्मचाऱ्यांचे आरोग्य ही त्याची अंगे होत. जागतिक आरोग्य संघटना व युनेस्को यांनी २०२१ मध्ये आरोग्यवर्धक शाळेसाठी आठ मानके प्रसिद्ध केली. त्यांतले फक्त एकच मानक आरोग्यसेवेचे आहे. उरलेली धोरण, व्यवस्थापन, अभ्यासक्रम, समाजाशी भागीदारी आणि शाळेतील भौतिक व सामाजिक वातावरण यांविषयीची आहेत. वर्षातून एकदा डॉक्टर बोलावणे म्हणजे शालेय आरोग्य, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

इतिहास : प्रारंभाविषयी एकमत नाही. जर्मन वैद्य योहान पेटर फ्रांक यांनी सार्वजनिक आरोग्यावरील आपल्या बहुखंडी ग्रंथात (१७७९ पासून) शाळेच्या खोल्यांतील हवा-उजेडाची चर्चा केली, म्हणून काही लेखक विचाराचे जनकत्व त्यांना देतात. फ्रान्समध्ये १८३० च्या दशकापासून शाळांच्या आरोग्याबाबत सरकारी आदेश निघू लागले होते. त्यांच्या आधारे व्यवस्थेचे श्रेय फ्रान्सला देणाराही एक पक्ष आहे. तथापि आदेश निघणे आणि डॉक्टर नियमितपणे वर्गात जाणे यांत अंतर असते. नेमलेले वैद्य व ठरावीक भेटी ही कसोटी लावल्यास ब्रूसेल्समधील १८७४ ची व्यवस्था पहिली मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

शास्त्रीय पाया मात्र त्याआधीच, ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे घातला गेला. नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष मांडले. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीचे (लांबचे अंधुक दिसण्याचे) प्रमाण १.४ टक्के, तर उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या गिम्नॅशियम शाळांत २६.२ टक्के आढळले. कोन यांनी दोष अपुरा उजेड व चुकीची बाके यांना दिला. आजचे संशोधन कारण निराळ्या ठिकाणी शोधते (पुढे पाहा), परंतु शाळेची रचना मुलाच्या शरीरावर परिणाम करते हे आकड्यांनी दाखवण्याचे श्रेय त्यांचेच.

बॉस्टनमध्ये १८९४ साली घटसर्पाच्या साथीनंतर शाळांत रोजची वैद्यकीय पाहणी सुरू झाली. न्यूयॉर्कनेही तसेच केले. पण तेथे डॉक्टर खरूज, उवा, डोळे येणे अशा कारणांसाठी मुलांना घरी पाठवत आणि घरी उपचार होत नसल्याने मुले आठवडेच्या आठवडे गैरहजर राहत. १९०२ मध्ये परिचारिका लीना रॉजर्स यांची चार शाळांत प्रायोगिक नेमणूक झाली. त्या किरकोळ उपचार शाळेतच करत आणि घरी जाऊन आईला ते शिकवत. अशा परिचारिकांची संख्या वाढवल्यावर वर्षभरात घरी पाठवलेल्या मुलांची संख्या सुमारे एक दशांशावर आली. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. त्यामागे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीत नापास झालेल्या तरुणांविषयीची चिंता होती, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

दृष्टितपासणी : शिक्षकांना करता येण्याजोगी ही सर्वांत उपयुक्त तपासणी, आणि सर्वाधिक चुका होणारीही. डच नेत्रवैद्य स्नेलेन यांचा लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता (१८६२) चांगल्या उजेडाच्या भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. तक्त्यापासून ६ मीटरवर जमिनीवर रेघ आखून मुलाच्या टाचा त्या रेघेवर ठेवतात. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘E’ आकृतीचा तक्ता वापरतात व बोटांनी दिशा दाखवायला सांगतात. चष्मा असलेल्या मुलाची तपासणी चष्म्यासह करायची असते. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे पाहतात. ओळीतील निम्म्याहून अधिक चिन्हे ओळखली तर ती ओळ उत्तीर्ण. एका जरी डोळ्याने ६/१२ ची ओळ (निकोप डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारी ओळ ६ मीटरवरून) वाचता आली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून मगच नेत्रवैद्याकडे पाठवतात. काही कार्यक्रमांत ही मर्यादा ६/९ अशी कडक ठेवतात.

चुकांची कारणे ठरलेली आहेत. बोटांनी डोळा झाकला की मूल फटीतून पाहते, आणि तळहात दाबून धरला तर नंतर तोच डोळा काही वेळ धूसर पाहतो. म्हणून पुठ्ठ्याची झाकणी बरी. रांगेतली मुले ओळी पाठ करतात, यासाठी रांग खोलीबाहेर ठेवावी व ओळ उलट्या क्रमाने विचारावी. डोळे बारीक करून वाचणारे मूल उत्तीर्ण दिसते, पण तेच लक्षण लघुदृष्टीचे असते. दूरदृष्टीचा (जवळचे पाहणे अवघड जाण्याचा) दोष या तक्त्यावर सहज निसटतो. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे हा उपचार नव्हे. मंददृष्टी (मेंदूने नीट वापर न केल्याने नजर कमी राहिलेला डोळा) असल्यास तर लहान वयातच उपचार मिळाले तर फायदा अधिक होतो.

तपासणी फसते ती बहुधा तक्त्यापाशी नाही, चिठ्ठी घरी गेल्यानंतर. नोंदवहीत दोष आढळल्याची, पालकांना कळवल्याची, वैद्याकडे गेल्याची आणि चष्मा मिळाल्याची अशा चार तारखांचे रकाने असावेत. तीन महिन्यांनी चष्मा प्रत्यक्ष नाकावर आहे का, हे वर्गात जाऊन पाहावे. तो मोडलेला, हरवलेला किंवा चिडवले जाते म्हणून दप्तरात पडलेला असण्याची शक्यता बरीच असते.

लघुदृष्टीला प्रतिबंध करण्यात मोकळ्या उजेडाचा वाटा आता बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे. चीनमधील ग्वांगचौ येथील प्रयोगात (निष्कर्ष २०१५) प्राथमिक शाळांत रोज ४० मिनिटांचा एक मैदानी तास वाढवला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी होण्याचे प्रमाण नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के, तर या शाळांत ३०.४ टक्के राहिले. खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्यापूर्वी हा आकडा समोर ठेवायला हवा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही त्याच तासातून बरीच भागते.

वर्गातील हवा : जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्का, म्हणजे दहा लाखांत १,००० भाग, यापेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा सुचवली. हा वायू त्या प्रमाणात स्वतः विषारी नसून श्वासाने हवा किती वापरली गेली याचे तो माप आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. बसलेले मूल ताशी साधारण १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे १५० घनमीटरच्या पूर्ण बंद खोलीत ४० मुले बसली तर तासाभरात दहा लाखांत ३,००० हून अधिक भागांची भर पडेल. फटींमुळे प्रत्यक्ष वाढ कमी असते, पण डोके जड होणे, पेंग येणे आणि श्वासातून पसरणारे संसर्ग यांना एवढे पुरते. समोरासमोरच्या खिडक्या उघडणे आणि दोन तासिकांमध्ये दार सताड ठेवणे हा स्वस्त उपाय. कार्बन डायऑक्साइड मोजायचा असल्यास मापक खिडकीत किंवा कुणाच्या तोंडाजवळ न ठेवता बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर ठेवावा.

जंत व उवा : मातीतून पसरणाऱ्या जंतांचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असलेल्या प्रदेशात वर्षातून एकदा व ५० टक्क्यांपुढे दोनदा सर्व मुलांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी, अशी शिफारस आहे. गोळी समोर चावून खायला लावतात. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती देत नाहीत, कारण नंतरचा प्रत्येक त्रास गोळीच्या माथी मारला जातो. सरसकट गोळ्यांनी हजेरी व शिक्षण सुधारते का, यावर मोठा वाद आहे. केनियातील प्रयोगावर आधारलेला २००४ चा अर्थशास्त्रज्ञ मिगेल व क्रेमर यांचा निबंध लाभाच्या बाजूने आहे. २०१५ मधील फेरविश्लेषणाने त्यातील काही निष्कर्ष दुबळे ठरवले. जंतांचा भार जास्त असलेल्या मुलांना फायदा होतो, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. उवा-लिखांसाठी मुलाला घरी बसवणे आता योग्य मानले जात नाही.

स्वच्छतागृहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मानकांनुसार दर २५ मुलींमागे एक शौचकूप, दर ५० मुलांमागे एक शौचकूप व एक मुतारी, आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय हवी. आतून लागणारी कडी, पाळीच्या कापडासाठी झाकणाची टोपली आणि साबण यांवाचून ही संख्या कागदावरच राहते. सोय नसल्यास मुली पाणी पिणेच टाळतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग व बद्धकोष्ठता उद्भवू शकते.

कर्मचाऱ्यांचे आरोग्य : या विषयावरील लेखन विद्यार्थ्यांच्या मानाने तोकडे आहे. सर्वाधिक अभ्यास आवाजाचा झालेला दिसतो. अमेरिकेतील २००४ च्या एका पाहणीत आयुष्यात कधीतरी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत ५७.७ टक्के, तर इतरांत २८.८ टक्के होते. मूळ कारण गोंगाट : शिक्षकाला त्यावर चढा आवाज लावावा लागतो. रिकाम्या वर्गातील आवाज ३५ डेसिबल आणि घुमण्याचा काळ (आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणारा वेळ) ०.६ सेकंदांच्या आत असावा, असे अमेरिकी मानक सांगते. उघड्या सिमेंटच्या खोलीत ते साधत नाही. छताला ध्वनिशोषक फळ्या किंवा मागच्या भिंतीवर जाड कापडी फलक लावल्याने फरक पडतो. गळ्यात अडकवायचा ध्वनिवर्धक आणि लागोपाठच्या तासिकांमध्ये एक मोकळी तासिका हे त्याला जोड उपाय. घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिल्यास स्वरयंत्राची तपासणी हवी. शिक्षिकांची रुबेला व कांजिण्यांबाबतची प्रतिकारशक्ती गर्भधारणेपूर्वीच तपासून घ्यावी, हे बहुतेक शाळांच्या ध्यानात नसते. शिक्षकांवरील ताणासाठी प्राणायामाचे वर्ग भरवले जातात, पण तासिकांची संख्या व कारकुनी कामे तशीच ठेवली तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

परिणामकारकता : आरोग्यवर्धक शाळांविषयीच्या ६७ प्रयोगांचा कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे पद्धतशीरपणे तपासणारी संस्था) आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शारीरिक हालचाल, फळे-भाज्यांचे सेवन, तंबाखू आणि दांडगाईला बळी पडणे यांबाबत लहान परंतु खरा फायदा त्यात दिसला. मद्य, अमली पदार्थ व मानसिक आरोग्याबाबत पुरावा अपुरा ठरला. मानसिक आधाराच्या उपक्रमांत म्हणून सरसकट प्रश्नावल्या भरून घेण्याची घाई करू नये. मुलाने स्वतःला इजा करण्याचा विचार लिहून दिला, तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार, पालकांना कोण कळवणार आणि त्याला कोणत्या वैद्याकडे नेणार, हे आधी नावानिशी ठरलेले असावे लागते.