वेध (रसविद्या)

संस्कार (ठराविक प्रक्रिया) केलेल्या पाऱ्याच्या योगाने तांबे, शिसे अशा हीन धातूंचे सोने किंवा चांदी करण्याची मध्ययुगीन भारतीय क्रिया. पाऱ्याच्या 18 संस्कारांपैकी हा 17 वा. शेवटचा संस्कार म्हणजे तोच पारा औषध म्हणून सेवन करणे. धातूवरचा तो लोहवेध (इथे लोह म्हणजे कोणताही धातू), शरीरावरचा तो देहवेध. पारा आधी लोहावर पारखावा, मगच देहात योजावा, असे रसार्णव हा रसविद्येचा (पाऱ्याच्या विद्येचा) ग्रंथ सांगतो. म्हणजे सोने होणे ही औषधाची परीक्षा होती. ही निव्वळ लोभाची विद्या मानणारे हा मुद्दा सोडून देतात.

या विद्येचे जनकत्व नागार्जुनाकडे दिले जाते. पण कोणत्या, हा वाद जुना आहे. बौद्धांच्या माध्यमिक पंथाचा तत्त्वज्ञ नागार्जुन साधारण इ. स. दुसऱ्या शतकातला. मध्ययुगीन विद्वान अल्-बिरूनी मात्र 1030 च्या सुमारास लिहिताना रसायनवेत्त्या नागार्जुनाला सोमनाथजवळच्या दैहक गावचा आणि आपल्याआधी जेमतेम शंभर वर्षांचा ठरवतो. रसग्रंथांची भाषा व त्यांतला शाक्त-शैव आचार पाहता दोन व्यक्ती वेगळ्या मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रसहृदयतंत्राचे कर्ते गोविंद भगवत्पाद हे शंकराचार्यांचे गुरू असल्याची परंपरा आहे. ग्रंथ बहुधा दहाव्या-अकराव्या शतकातला असल्याने ती स्वीकारणे कठीण जाते. रसार्णव सुमारे बाराव्या आणि रसरत्नसमुच्चय सुमारे तेराव्या शतकातला धरतात.

वेधाचे प्रकार पाच. पत्र्याला सिद्ध रसाचा (संस्कारित पाऱ्याचा) लेप देऊन पुट (ठरावीक उष्णता) देणे हा लेपवेध. वितळलेल्या धातूत रस टाकणे हा क्षेपवेध. सांडशीत धरलेला रस वितळलेल्या धातूस भिडवणे हा कुंतवेध. विस्तवावर टाकलेल्या रसाचा धूर देणे हा धूमवेध. आणि रसाची गुटी तोंडात धरून धातूवर फुंकणे हा शब्दवेध. मंत्रसिद्धीचा भाग शेवटच्या प्रकारात सर्वांत ठळक आहे. एका भागाने शंभर भाग धातू पालटवणारा रस शतवेधी. पुढे सहस्रवेधी, कोटिवेधी अशी चढण.

वेधाआधी पाऱ्यात सोने किंवा अभ्रकसत्त्व (अभ्रकातून काढलेला सार) जिरवावे लागे; या जिरवायच्या द्रव्याला घास म्हणत. घास पाऱ्यात विरला की नाही, हे पाहण्यासाठी पारा कापडातून पिळत. सगळा खाली उतरला आणि तराजूत वजन वाढलेले भरले, तर घास आत द्रवला. फडक्यात गाळ उरला, तर मर्दन (खलणे) कमी पडले.

लेपवेधाचे दृश्य फळ आजच्या भाषेत अग्निमुलामा, म्हणजे पाऱ्यात विरवलेल्या सोन्याचा तापवून दिलेला मुलामा, होय. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळून उडतो आणि सोन्याचा पातळ थर मागे राहतो. पत्रा आंबट रसाने घासून लख्ख केलेला नसेल, तर लेप धरत नाही. आच एकदम वाढली, तर पारा उसळून थरावर छिद्रे पडतात. वाफ विषारी, हे वेगळे सांगायला नको.

तांबे पिवळे करणारा रसक म्हणजे जस्ताचे खनिज. त्याने होते ते पितळ. रसक व कोळशाची पूड तांब्याच्या तुकड्यांसह बंद मुशीत तापवली, की जस्ताची वाफ तांब्यात मुरते. मुशीचे तोंड नीट लिंपलेले नसेल, तर जस्त हवेत जळून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने निसटते. तांबेच वितळले, तर ते तळाशी साचते, वाफ लागायला पृष्ठभाग उरत नाही आणि रंग फिका येतो. कसोटीच्या दगडावर ओढलेली पितळेची रेघ तेजाबाने पुसली जाते, तेव्हा सोन्याशी असलेला भेद उघड होतो.

कथावाङ्मयात वेध येतो तो कोटिवेधी रसाच्या लोभातून. जैन लेखक मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत (सुमारे 1305) नागार्जुन पार्श्वनाथाच्या मूर्तीसमोर सातवाहनाची राणी चंद्रलेखा हिच्याकडून रस खलवून घेतो आणि तिच्या पुत्रांकडून मारला जातो. सातवाहनामुळे ही कथा पैठणच्या परंपरेशी जोडली जाते. मराठी संतवाङ्मयातला परीस निराळा: त्याला संस्कार नाहीत, प्रमाण नाही, नुसता स्पर्श पुरतो.