‘कॅप्टन पगवॉश’मधली ती अश्लील नावं

ब्रिटनमधल्या ‘कॅप्टन पगवॉश’ या समुद्री चाच्यांवरच्या, मुलांच्या जुन्या कार्टूनमध्ये खलाशांची नावं द्व्यर्थी, अश्लील होती, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तशी ती कधीच नव्हती. १९५७ साली सुरू झालेल्या या मालिकेत मास्टर मेट, बार्नबस, विली आणि जहाजावरचा पोरगा टॉम आहेत. १९७४-७५चे रंगीत भाग पाहा, नावं स्वच्छ ऐकू येतात. अश्लील नावं खरी म्हणून छापणाऱ्या दोन वृत्तपत्रांना १९९१मध्ये चूक मान्य करावी लागली.

लहानपणी पाहिलेलं पुन्हा पाहायची तेव्हा सोय नव्हती. ऐकलेला विनोद आठवणीत मिसळणं स्वाभाविकच. वाईट वाटतं ते टॉमचं. त्या चाच्यांच्या जहाजावर खरी अक्कल असलेला तो एकटाच, आणि बदनामी त्याच्याही वाट्याला आली.