एसआरव्ही नोंद, संदेशवहनातील

एसआरव्ही नोंद : डीएनएस या इंटरनेटच्या नामप्रणालीतील ३३ व्या क्रमांकाचा नोंदप्रकार. एखाद्या डोमेनची अमुक सेवा कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या पोर्टवर (यंत्रावरील सेवेच्या क्रमांकित दारावर) मिळेल, हे या नोंदीवरून कळते. एक्सएमपीपी (मूळचे जॅबर) या खुल्या संदेशवहन-प्रणालीत क्लायंट (वापरकर्त्याकडील संदेश-प्रोग्राम) आपला सर्व्हर मुख्यतः या नोंदीच्या आधारे शोधतो. वापरकर्त्याचा पत्ता ईमेलसारखाच ‘नाव@डोमेन’ असा असतो. त्यात यंत्राचा निर्देश नसतो. म्हणून संकेतस्थळ एकीकडे आणि संदेशसेवा तिसऱ्याच्याच यंत्रावर असली, तरी पत्ता तोच राहतो.

या कल्पनेचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. डीएनएसच्या आरंभीच्या मानकांतील डब्ल्यूकेएस या नोंदप्रकारात सेवांची यादी असे, त्यामुळे तोच पूर्वज वाटू शकतो. परंतु यंत्र ठाऊक असताना त्यावर काय चालते एवढेच ती यादी सांगे, आणि १९८९ च्या आरएफसी ११२३ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) तिच्यावर विसंबू नये असे सुचवले. उलट जानेवारी १९८६ च्या आरएफसी ९७४ मधील एमएक्स नोंद डोमेनवरून टपालाच्या यंत्राकडे नेते व पसंतीचा क्रमही देते. एसआरव्ही ही एमएक्सचीच सर्व सेवांना लागू केलेली आवृत्ती मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कालनिश्चिती कोणता दस्तऐवज प्रमाण धरावा यावर अवलंबून आहे. आर्न्ट गुलब्रान्सन व पॉल व्हिक्सी यांचा आरएफसी २०५२ ऑक्टोबर १९९६ चा, पण तो प्रायोगिक होता. आज वापरात असलेले रूप फेब्रुवारी २००० च्या आरएफसी २७८२ मधले. त्यात लेव्हॉन एसिबोव्ह हे तिसरे लेखक आहेत. या दोहोंतील लक्षणीय फरक अधोरेषेचा (_). १९९६ च्या दस्तऐवजात सेवेचे व वहन-प्रोटोकॉलचे (उदा. टीसीपी, म्हणजे माहिती पोचवण्याची पद्धत) नाव साधेच लिहीत. कोणाच्या डोमेनखाली खरोखरच ‘टीसीपी’ नावाचे उपडोमेन असले तर घोटाळा अटळ होता. यंत्राच्या नावात अधोरेषा चालत नाही, म्हणून २००० मध्ये दोन्ही नावांआधी ती जोडली गेली. अशा नावांची रीतसर नोंदवही मात्र आरएफसी ८५५२ मुळे २०१९ मध्ये आली.

जेरेमी मिलर यांनी जॅबर जाहीर केले ते जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे या दोन मानकांच्या मधल्या काळात. जॅबरमध्ये ‘_जॅबर._टीसीपी’ हे नाव २००४ च्या आधीपासून प्रचारात असावे. ऑक्टोबर २००४ च्या आरएफसी ३९२० ने क्लायंटसाठी ‘_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी’ व सर्व्हर-सर्व्हर जोडणीसाठी ‘_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी’ ही नावे पक्की केली. त्यांचे रूढ पोर्ट अनुक्रमे ५२२२ व ५२६९. सध्याचे मानक आरएफसी ६१२० (मार्च २०११) आहे.

नोंदीत प्राधान्यक्रम, भारांक, पोर्ट व लक्ष्य ही चार मूल्ये असतात. लहान प्राधान्यांक आधी वापरायचा. समान प्राधान्याच्या नोंदींत भारांकाच्या प्रमाणात यादृच्छिक निवड करायची. ६०, २० व २० असे भारांक असतील, तर सुमारे ६० टक्के क्लायंट पहिल्या सर्व्हरकडे जातात. लक्ष्य हे टोपणनाव (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारे नाव) असून चालत नाही. लक्ष्याच्या जागी नुसता टिंब असेल, तर ती सेवा त्या डोमेनवर नाही असा स्पष्ट नकार समजावा आणि प्रयत्न थांबवावा. नोंदच नसेल तेव्हा मात्र क्लायंट डोमेनच्या साध्या पत्त्यावर ५२२२ ने प्रयत्न करतो. नकार आणि अभाव यांतला हा भेद अंमलबजावणीत हमखास निसटतो.

सर्वांत नाजूक प्रश्न सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राचा आहे. डीएनएसचे उत्तर वाटेत बदलले जाऊ शकते. म्हणून सर्व्हरचे प्रमाणपत्र लक्ष्याच्या नावाशी नव्हे, तर वापरकर्त्याने दिलेल्या डोमेनशी पडताळावे लागते. परिणामी अनेक ग्राहकांची डोमेने सांभाळणाऱ्या सेवादात्याला प्रत्येक डोमेनचे प्रमाणपत्र बाळगावे लागते. डीएनएसची उत्तरे डीएनएसेकने (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याच्या व्यवस्थेने) स्वाक्षरित असतील, तर लक्ष्याचे नावही ग्राह्य धरण्याची वाट आरएफसी ७६७३ व ७७१२ (दोन्ही २०१५) यांनी दाखवली.

देवनागरी डोमेनांच्या बाबतीत (‘.भारत’ हे २०१४ पासून उपलब्ध आहे) डीएनएसला विचारण्यापूर्वी डोमेनचे ‘एक्सएन--’ने सुरू होणाऱ्या आस्की (साध्या रोमन अक्षरांच्या) रूपात रूपांतर करणे आवश्यक असते, सेवेचे नाव मुळातच आस्कीत असते.

पहिल्या क्षणापासून कूटबद्ध जोडणीसाठी एक्सईपी-०३६८ ने (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीच्या विस्ताराचा दस्तऐवज) ‘_एक्सएमपीपीएस-क्लायंट’ हे वेगळे नाव दिले. दोन्ही नावांच्या नोंदी एकत्र करून एकाच क्रमाने वापरायच्या असतात. ब्राउझरमधील पानाला एसआरव्ही विचारताच येत नाही. त्यासाठी एक्सईपी-०१५६ मध्ये आधी टीएक्सटी (साध्या मजकुराची) डीएनएस नोंद सुचवली होती. ती असुरक्षित ठरल्यावर डोमेनच्या संकेतस्थळावर ठेवलेली ‘होस्ट-मेटा’ ही माहिती-फाइल हा मार्ग उरला.