माध्यमिक शाळेतील कला व डिझाइन शिक्षण (ठाणे–नवी मुंबई)

हायस्कुलातील मुलामुलींना, विशेषतः आठवी ते दहावीच्या वर्गांना, रेखाटन, रंगकाम, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि वस्तूंची रचना शिकवण्याची शालेय पद्धत. महाराष्ट्रात या शिक्षणाचा सांगाडा कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांनी घडवला आहे. ठाणे आणि नवी मुंबई या खाडीच्या दोन काठांवरच्या शहरांत तो जुन्या मराठी शाळांपासून नव्या सीबीएसई शाळांपर्यंत वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

या वयात चित्रकला शिकवणे प्राथमिक वर्गांपेक्षा अवघड असते. दुसरी-तिसरीतले मूल सूर्याला डोळे काढते, घराच्या भिंतीआडची माणसेही दाखवते आणि कागद भरला की खूश होते. बारा-चौदा वर्षांच्या सुमारास तेच मूल आपल्या चित्राकडे परीक्षकाच्या नजरेने बघू लागते. हात काढला तर तो हातासारखा दिसत नाही, हे त्याला कळते; कसा दिसायला हवा आणि तिथवर कसे जायचे, हे मात्र कळत नाही. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड (1903–1960) यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत वाढत्या आत्मटीकेचा हा टप्पा ठळक आहे. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य आठवीच्या वर्गात पहिल्यांदा ऐकू येते आणि पुष्कळांच्या बाबतीत ते जन्मभर टिकते. नेमक्या याच वर्षी वेळापत्रकात गणित-विज्ञानाच्या तासिका वाढतात आणि चित्रकलेची वही मागे पडते. माध्यमिक कलाशिक्षकाचे खरे काम इथे सुरू होते. नुसत्या कौतुकाने या मुलाचे समाधान होत नाही, कारण आपले चुकते आहे हे त्याला दिसत असते. त्याला बघण्याची रीत शिकवावी लागते.

परंपरा आणि परीक्षा

मुंबईत सर जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली. तिथे 1893 पासून चित्रकला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शाळाशाळांतून ‘ड्रॉइंग मास्तर’ ही व्यक्ती त्यानंतर दिसू लागली. 1965 साली राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा हेच संचालनालय घेते. ठाण्यात नौपाड्यापासून कळव्यापर्यंत आणि पलीकडे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बहुतेक मुले साधारण आठवीत एलिमेंटरीला आणि नववीत इंटरमिजिएटला बसतात. परीक्षा सप्टेंबरच्या अखेरीस येत असल्याने सगळी तयारी पावसाळ्यातच करावी लागते. दमट हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, लवकर सुकत नाही, घाईने दुसरा हात दिला की खालचा रंग उखडतो आणि कागद फुगतो. म्हणून इथले शिक्षक जून-जुलैत पेन्सिलकाम आणि भूमिती उरकून घेतात व रंगकाम शक्य तितके पुढे ढकलतात.

इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात : ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5 आणि ‘क’ला 3. या गुणांमुळे परीक्षार्थी वाढले आणि शाळांनीही विषयाकडे लक्ष दिले, ही जमेची बाजू. पण त्याच गुणांपायी पाठ केलेल्या चित्रांचे पीक आले आणि त्याने विषयाचे मोठे नुकसान केले आहे.

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या काढणे) व अक्षरलेखन असे भाग असतात. इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते.

वस्तुचित्र हा या अभ्यासक्रमाचा कणा म्हणावा लागेल. टेबलावर एक तांब्या, दोन कांदे, एक वांगे आणि मागे घडी घातलेले फडके एवढ्या सामग्रीवर वर्ग तासभर चालू शकतो. तांब्याचे तोंड काढताना जवळजवळ प्रत्येक मुलाचा लंबगोल दोन्ही टोकांना बदामासारखा टोकदार होतो आणि तांब्याचे बूड सरळ रेषेत येते. बूड टेबलावर टेकलेले आहे हे मुलाला माहीत असते, म्हणून ते सरळ रेघ मारते. डोळ्यांना काय दिसते ते तपासत नाही. चांगला शिक्षक इथे खोडरबर उचलत नाही. तो स्टीलचा पेला घेऊन मुलाच्या डोळ्यांसमोर धरतो. कड डोळ्यांच्या रेषेत आली की पेल्याचे तोंड एक आडवी रेघ होते. पेला हळूहळू खाली नेला की ती रेघ उघडते, लंबगोल होतो आणि जितका खाली जावा तितका तो अधिक गोल होत जातो. म्हणजे टेबलावरच्या तांब्याचे बूड त्याच्या तोंडापेक्षा जास्त वळलेले दिसायला हवे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे बादली, पिंप, कुंडी, पाण्याची टाकी, काहीही बरोबर काढते. त्यासाठी वेगळा यथार्थदर्शनाचा धडा लागत नाही.

मुलाच्या कागदावर शिक्षकाने स्वतः रेषा मारू नये, असा एक जुना दंडक आहे आणि तो पाळण्याजोगा आहे. दाखवायचेच असेल तर शेजारी वेगळ्या कागदावर दाखवावे. शिक्षकाच्या चार सफाईदार रेषांनी चित्र सुधारते, पण ते मुलाचे राहत नाही, आणि त्याला ते लगेच कळते.

स्मरणचित्राच्या बाबतीत मात्र परिस्थिती वाईट आहे. पाहिलेला प्रसंग आठवून मांडणे हा या विषयाचा हेतू. प्रत्यक्षात अनेक शिकवण्यांमध्ये बाजार, बसथांबा, गणपती विसर्जन, बागेतील मुले असे ठरावीक प्रसंग ठरावीक आकृत्यांसह घोटून घेतले जातात. एकच फुगेवाला, एकच टोपलीवाली बाई आणि कडेला तेच एक झाड वर्षानुवर्षे शेकडो कागदांवर उतरते. ठाण्याचे मूल रोज ज्या स्टेशनावरून जाते तिथल्या सॅटिस या उन्नत बसमार्गाचा उतार, रिक्षांची रांग, पुलाच्या पायऱ्यांवर बसलेली भाजीवाली त्याच्या चित्रात येत नाही. यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. वर्गातल्या एकाला लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहिल्यासारखे उभे करावे आणि बाकीच्यांनी दोन मिनिटांत नुसत्या रेषांनी त्याला टिपावे. वजन कोणत्या पायावर आहे ते आधी बघावे. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाजवळ पडतो. हे चुकले की आकृती कलंडते. अशी रेखाटने महिनाभर केली की मुलाच्या स्मरणचित्रात सगळी माणसे समोर तोंड करून उभी राहत नाहीत. पाठ केलेल्या चित्राला ‘अ’ श्रेणी मिळूही शकते, तरीही शिक्षकाने हीच वाट धरावी.

संकल्पचित्रात चौकोन, वर्तुळ किंवा पट्टी अशा दिलेल्या आकारात नैसर्गिक, अलंकारिक व भौमितिक घटकांची रचना करून ती सपाट रंगवायची असते. रंगसंगती, समतोल, लय, विरोध हे शब्द मुलांना इथे प्रत्यक्ष हाताळायला मिळतात. पोस्टर कलर पातळ झाला तर डाग पडतात, घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो; ब्रशवरून घरंगळेल पण कागद झाकेल एवढाच दाट तो कालवावा लागतो, आणि एका रंगाला पुरेल एवढा एकदम. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही.

अक्षरलेखन हा सर्वांत दुर्लक्षित भाग. देवनागरीचे वळण, शिरोरेषा, दंड आणि गाठी यांकडे बघायला शिकवणारा शालेय विषय दुसरा नाही. ‘ठाणे’ हा एकच शब्द घेतला तरी पुष्कळ शिकवता येते. ‘ठ’ गोल आणि मोकळा आहे. त्याच्या पुढे काना आणि ‘ण’चे दंड उभेच्या उभे लागून येतात. पट्टीने सारखे अंतर मोजले तर डावीकडे पोकळ आणि उजवीकडे गर्दी दिसते. अंतर डोळ्यांनी वाटून घ्यावे लागते. संगणकावर सर्वत्र दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट घडवणारे र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात अनेक वर्षे शिकवले. ते केंद्र ठाण्यापासून फार लांब नाही; मुलांना हे सांगितले की फॉण्टही कुणीतरी हाताने, विचार करून काढलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येते.

शहरातली सामग्री

डिझाइन शिकवायला नवी मुंबईइतके सोयीचे शहर राज्यात क्वचितच सापडेल. वास्तुकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली; 1970 साली ते उभारणारी सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली. नोड म्हणजे शहराचे नियोजित विभाग, त्यांतले सेक्टर, सेक्टरातला बाजार, शाळा, मैदान हे सगळे कुणीतरी आधी कागदावर काढलेले आहे, आणि मुले त्यातच राहतात. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा आठवून काढणे, सावली कुठे आहे, रस्ता ओलांडायला अडचण कुठे होते, आजोबांना बसायला जागा कुठे मिळत नाही हे त्यावर दाखवणे आणि मग एका अडचणीवर तोडगा रेखाटणे, हा नववीला उत्तम झेपणारा प्रकल्प आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरे एका छोट्या चौकाभोवती बसवली आणि असे तीन गट एकत्र येऊन मोठा चौक तयार केला. प्रत्येक घर स्वतंत्र, पुढेमागे वाढवता येईल असे. काड्यापेट्या घेऊन बाकावर ही मांडणी करून बघितली की चौकात ऊन कधी येते आणि खेळणारी मुले कोणत्या खिडकीतून दिसतात यावर वर्गात भांडणे होतात. तशी ती व्हायलाच हवीत.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात. खाडीचा एक भाग 2015 पासून त्यांचे अभयारण्य आहे. नवी मुंबईच्या भिंतींवर रोहित पक्षी इतके रंगवले आहेत की मुले पक्ष्याऐवजी भिंतीची नक्कल करतात. एकदा प्रत्यक्ष नेले की फरक पडतो : जो गुडघा उलटा वाकलेला वाटतो तो खरे तर घोटा असतो, हे कळल्यावर पाय काढण्याची पद्धतच बदलते.

वारली चित्रकलेबाबत सावध असावे. ही कला मुख्यतः आज पालघर जिल्ह्यात असलेल्या भागातली. तो जिल्हा 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला. ठाणे शहराला लागून असलेल्या येऊरच्या पाड्यांवरही वारली समाज राहतो. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नातला चौक, म्हणजे चौकोनी मंगलचित्र, लिहिण्याचा मान सुवासिनींचा असे. जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी ही कला कागदावर आणि जगासमोर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. शाळेत मात्र दोन त्रिकोण जोडले की वारली झाली असे शिकवले जाते. पालघाट देवी कोण, तारपा हे फुंकवाद्य कधी वाजते, चौक कुणी लिहायचा हे न सांगता आकृत्या भरून घेणे म्हणजे एका समाजाची भाषा तिचा अर्थ काढून घेऊन वापरणे होय.

रसास्वादासाठी दूर जावे लागत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर (शके 982, इ.स. 1060) ठाणे जिल्ह्यातच आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरचे एकच शिल्प निवडून तासभर रेखाटले तर मुलाला उठाव आणि सावली यांचा संबंध उमगतो. गुढीपाडव्याला ठाण्याच्या गावदेवी मैदानावर घातली जाणारी भव्य रांगोळी मापन आणि प्रमाण शिकवायला उपयोगी पडते.

शिक्षक आणि वेळ

कलाध्यापकाची पारंपरिक पात्रता म्हणजे ए.टी.डी. ही कलाशिक्षक पदविका, पुढे ए.एम. (आर्ट मास्टर) आणि कलाशिक्षणातली पदविका. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शंभरावर पट असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ‘अंशकालीन’ या एका शब्दाने पूर्णवेळ पदांचा आग्रह ढिला पडला, अशी कलाध्यापकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ज्या शाळेत पूर्णवेळ शिक्षक आहे तिथे त्याच्याकडे फलकलेखन, स्नेहसंमेलनाची सजावट आणि प्रमाणपत्रांवर नावे घालणे हीही कामे येतात. फलकलेखन ही सुंदर कला आहे, पण ती वर्गाच्या तासिकेतून वेळ कापून होऊ नये.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पाणी आणणे, रंग काढणे आणि आवरणे यात दहा-बारा मिनिटे जातात. दोन तासिका जोडून दिल्या तर आठवड्याचा वेळ तेवढाच राहून प्रत्यक्ष कामाला दहा-बारा मिनिटे जास्त मिळतात. मुख्याध्यापकांना एवढीच गोष्ट पटवता आली तरी पुष्कळ साधते. ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या वस्त्यांमधून पालिकेच्या शाळेत येणाऱ्या मुलांना रंगपेटी परवडत नाही. तिथे लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा अशा मोठ्या बाटल्या सामायिक ठेवतात. मिश्रण शिकण्यासाठी हीच पद्धत चोवीस रंगांच्या पेटीपेक्षा सरस ठरते.

सीबीएसईच्या शाळांत चित्रकला हा नववी-दहावीला ऐच्छिक विषय आहे. शिवाय पहिली ते दहावीला इतर विषयांशी जोडलेला कलाप्रकल्प सक्तीचा आहे. जोडकाम चांगले झाले तर इतिहास आणि चित्र दोन्ही समजतात. एरवी नेटवरून छापलेली चित्रे चिकटवलेला तक्ता तयार होतो.

दहावीनंतर

फाउंडेशन हा कलेचा पायाभूत वर्ग, ए.टी.डी. किंवा बारावीनंतर बी.एफ.ए. या वाटा जुन्या. वास्तुकलेसाठी नाटा, डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबईकडे सूत्रे असलेली युसीड (2015 पासून) आणि एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) व निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) यांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहेत. निफ्टचे मुंबई केंद्र खारघरला आहे. या परीक्षांत रेखाटनाबरोबर निरीक्षण आणि अडचण सोडवण्याची रीत तपासतात. घोटलेली स्मरणचित्रे तिथे चालत नाहीत. डिप्लोमा इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांनाही पहिल्याच सत्रात अभियांत्रिकी रेखांकन लागते, आणि इंटरमिजिएटची घनभूमिती त्यांना तिथे थेट उपयोगी पडते.