लांब पल्ल्याच्या शिकारीचे काडतूस: नळीच्या पिळाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्कच्या (हरणाच्या एका मोठ्या जातीच्या) शिकारीसाठी 6.5 क्रीडमूर हे काडतूस पुरेसे आहे की 7 मिमी पीआरसी हेच हवे, हा वाद गेली काही वर्षे चालू आहे. चर्चा बहुतेक वेळा गोळीचा वेग आणि ऊर्जा यांभोवती फिरते. लांब पल्ल्याचा विचार करताना त्याआधी पाहायला हवी ती नळीतील आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या मळसूत्री खाचांच्या, पिळाची गती. ती एक फेरा किती इंचांत पूर्ण होतो यावरून सांगतात; इंच जितके कमी तितका पीळ वेगवान. कारण किती लांब गोळी हवेत स्थिर राहील हे त्या पिळावर ठरते, आणि दूरवर वेग टिकवणाऱ्या, वाऱ्याने कमी ढळणाऱ्या गोळ्या लांबच असतात.

.30-06 हे 1906 चे लष्करी काडतूस आणि 1925 चे .270 विंचेस्टर यांनी शिकाऱ्यांना सपाट मार्गाची सवय लावली. .270 ची 130 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान एकक) गोळी सेकंदाला 3,000 फुटांहून अधिक वेगाने निघत असे आणि 10 इंचांत एक फेरा हा पीळ तिला पुरेसा होता. त्या काळी दुर्बिणी साध्या होत्या आणि अंतर नजरेने जोखले जाई, त्यामुळे याहून जड गोळीची गरज फारशी कोणाला भासली नाही.

खरा पेच 1955 साली पडला. त्या वर्षी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी 6 मिमी व्यासाची दोन काडतुसे बाजारात आणली. .243 विंचेस्टरची पुंगळी (दारू भरलेले धातूचे कवच) .308 या काडतुसावरून घडवलेली होती आणि पीळ 10 इंचांत एक फेरा होता, तर .244 रेमिंग्टनची पुंगळी जुन्या 7x57 माउझरच्या घराण्यातली, किंचित मोठी, पण पीळ 12 इंचांत एक फेरा इतका मंद. हे काडतूस मुख्यत्वे लहान उपद्रवी प्राण्यांसाठी हलकी गोळी घालून वापरले जाईल आणि हरणाला 90 ग्रेनची गोळी पुरेल, असा .244 च्या कर्त्यांचा अंदाज होता. ग्राहकाला मात्र एकाच रायफलीत दोन्ही कामे हवी होती आणि हरणासाठी त्याला 100 ग्रेनची गोळी हवी होती. .243 ती देत होते. .244 च्या मंद पिळात टोकदार 100 ग्रेन गोळीच्या स्थिरतेची खात्री नव्हती. अस्थिर गोळी लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवे, लांबट भोक पाडते. काही वर्षांत पीळ 9 इंचांवर आणला गेला आणि 1963 मध्ये तेच काडतूस, पुंगळीच्या मापात कसलाही बदल न करता, 6 मिमी रेमिंग्टन या नावाने पुन्हा आले. तोवर बाजार हातचा गेला होता. 90 ग्रेनच्या चांगल्या गोळीने हरीण पडते, म्हणून तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता, असे आजही काही जण मांडतात. त्यात तथ्य आहे. तरीही पीळ ठरवताना उद्याच्या गोळीसाठी जागा न ठेवणे ही मोठी चूक होती, असेच मला वाटते.

त्या अनुभवातून उद्योगाने पुरेसा धडा घेतला नाही. 1962 चे 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम एल्कच्या शिकारीत कमालीचे लोकप्रिय झाले आणि 1958 च्या .264 विंचेस्टर मॅग्नमला त्याने झाकोळून टाकले. पण त्याचा पीळ 9 ते साडेनऊ इंचांवरच राहिला. त्याची पुंगळी लांब असल्याने आजच्या निमुळत्या गोळ्या मॅगझिनमध्ये मावण्यासाठी पुंगळीत खोलवर दाबाव्या लागतात आणि दारूची जागा घटते. पुंगळीच्या बुडाशी असलेला पट्टा 1912 च्या .375 एच अँड एच या काडतुसाकडून आलेला, उतरत्या खांद्याच्या (तोंडाकडे अरुंद होणारा भाग फारच तिरका असलेल्या) पुंगळीला नळीत टेकण्यासाठी योजलेला. स्पष्ट खांदा असलेल्या पुंगळीला त्याची गरज उरली नव्हती.

1990 च्या दशकात लेझरने अंतर मोजण्याचे उपकरण हातात आले आणि 500 यार्डांवरचा नेम सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. 2007 चे 6.5 क्रीडमूर नेमबाजीच्या स्पर्धांसाठी, 8 इंचांच्या पिळासह, लांब गोळी गृहीत धरूनच आखले गेले. 2021 चे 6.8 वेस्टर्न .270 च्याच व्यासाची, पण 165 ते 175 ग्रेनची गोळी वापरते. 2022 चे 7 मिमी पीआरसी आखूड, बिनपट्ट्याच्या पुंगळीतून 175 ग्रेनची गोळी सुमारे 3,000 फुटांच्या वेगाने सोडते. क्रीडमूरच्या 143 ग्रेन गोळीचा वेग 500 यार्डांवर साधारण 2,000 फूट उरतो. अनेक शिकारी गोळ्यांना प्राण्याच्या अंगात शिरल्यावर नीट फुलण्यासाठी सुमारे 1,800 फुटांचा वेग लागतो, म्हणजे हाताशी उरणारी शिल्लक फार नाही. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान 85 ग्रेनची गोळी आणि 100 यार्डांवर 1,000 फूट-पौंड ऊर्जा मागतो. त्यापुढच्या अंतराचा निर्णय शिकाऱ्यावरच येतो.

कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि जुन्या नळ्यांचा मंद पीळ पुन्हा आडवा येतो. समुद्रसपाटीच्या थंड, दाट हवेत ही अडचण उंच डोंगरापेक्षा जास्त जाणवते. जुनी रायफल घेणाऱ्याने, ती रिकामी असल्याची खात्री करून, फिरत्या मुठीच्या सफाईच्या सळईला घट्ट चिंधी लावावी, सळईवर खूण करावी आणि ती नळीत सरकवत एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोजावे. काडतुसाच्या नावावरून हा आकडा कळेलच असे नाही, कारण .244 चा शिक्का असलेल्या काही रायफलींचा पीळ 12 इंचांचा आहे, तर काहींचा 9 इंचांचा.